आदर्श शिकागो दिवस, फायनल सात

दोष तुमचा आहे. तुम्ही कोण, बाप्या की बाई, नोव्हायचे की ट्रॉयचे, अजून अमेरिकेत आहात की परत जाऊन बाणेरला फ्लॅट घेऊन बसलात, हे कोणालाच ठाऊक नाही. पण 'आदर्श शिकागो दिवस, फायनल सात' ही एक्सेलची फाइल तुम्हीच बनवलीत आणि बनवून तोंड लपवलंत. डेट्रॉइटच्या आसपासचा प्रत्येक मराठी माणूस, आईवडील भारतातून आले की ही फाइल कोणाकडून तरी मागून घेतो, प्रिंट काढतो आणि सगळं खानदान गाडीत कोंबून शिकागोला जातो. फाइलीत बारा ओळी आहेत. कुठे किती वाजता पोचायचं, कुठे उभं राहून फोटो काढायचा, पोराला शू लागली तर कुठे न्यायचं, सगळं आहे. फक्त खाली सही नाही. अहो, तलाठ्याच्या कागदावरसुद्धा सही असते! वाचता न येणारी का होईना, पण असते. भांडायला माणूस सापडतो.

ऑगस्ट २००७ मध्ये ती फाइल रवींद्रच्या मेलमध्ये आली. आली म्हणजे त्यानं मागवली, आणि मागवायला कारण घडलं होतं.

रवींद्र मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला गाड्यांच्या दारांच्या कुलपांचं सॉफ्टवेअर लिहितो. दार आपोआप लागलं पाहिजे आणि आतल्या माणसाला उघडता आलं पाहिजे, एवढंच काम. त्याला चाळीस इंजिनिअर लागतात. त्याचे वडील त्र्यंबकराव, घरातले सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मार्चमध्ये यवतमाळहून आले. अण्णा एस.टी.त होते. आधी कंडक्टर, मग स्टँडवर वाहतूक नियंत्रक. म्हणजे गाडी किती वाजता आली, किती वाजता गेली आणि गेली नसेल तर का गेली नाही, हे लिहिणारा माणूस. आता अशा माणसाला तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये सकाळी आठपासून एकटं बसवा आणि खिडकीखाली दोनशे गाड्यांचा पार्किंग लॉट द्या. तो काय करील?

अण्णांनी डायरी काढली.

"खालचा श्रीरंग आज सात मिनिटं लेट निघाला," ते संध्याकाळी चहा पिता पिता सांगायचे. "अन् ते लाल गाडीवाली बाई गुरुवारपासून नाही आली. बीमार-गिमार असंन, पाहा बापा."

बाई आजारी नव्हती. बाई कॉम्प्लेक्सच्या ऑफिसात तक्रार करायला गेली होती. दुसऱ्या दिवशी दाराला चिठ्ठी: आपल्या घरातील एक व्यक्ती इतर रहिवाशांच्या वाहनांच्या हालचालींची नोंद ठेवते असे निदर्शनास आले आहे. अकरा सप्टेंबरनंतरचे दिवस, कसले होते ते सांगायला नको. सावळा मिशीवाला माणूस, खिडकी, डायरी, गाड्यांचे नंबर. एवढ्या भांडवलावर तेव्हा माणसं विमानातून उतरवत होते.

खालच्या मजल्यावरचा श्रीरंग या विषयातला तज्ज्ञ. तसा तो सगळ्याच विषयांतला तज्ज्ञ आहे, पण इमिग्रेशनमध्ये त्याला विशेष गोडी. चिठ्ठी त्यानं दोनदा वाचली.

"तू गेल्या महिन्यात फोर एटी फाइव्ह भरलायस ना?" तो म्हणाला. फोर एटी फाइव्ह म्हणजे ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज. तो भरायला मिळावा म्हणून माणूस सात-सात वर्षं एकाच साहेबाचे विनोद ऐकून हसतो. "मग नीट ऐक यार. अर्ज पेंडिंग असताना आपलं नाव कुठेही लागता कामा नये. पोलिसात नाही, ऑफिसात नाही, कुणाच्या वहीत नाही. युनिफॉर्मवाल्यानं काही विचारलं की नो म्हणायचं आणि चालू लागायचं. माझ्या मित्राच्या मित्रानं येस म्हटलं होतं."

"मग?"

"आता कोल्हापुरात असतो."

अण्णा तिथेच बसले होते. रवींद्रनं त्यांच्या हातातून डायरी काढून घेतली.

"अण्णा, इथे असं चालत नाही."

"गाड्या मोजणं चालत नाही?"

"नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी खुर्ची फिरवली. खिडकीकडे पाठ करून बसायला लागले. समोर फ्रिज होता.

हे सहा आठवडे चाललं. मग रवींद्रच्या बायकोनं, शुभानं, एके रात्री भांडी घासता घासता विचारलं, "पुढच्या मंगळवारी त्यांची फ्लाइट आहे. जवळजवळ सहा महिने होतील. काय पाहिलं त्यांनी अमेरिकेत? आपला फ्रिज. यवतमाळला जाऊन काय सांगतील लोकांना, किती डोअरचा होता?"

रवींद्रला लागलं. एक दिवस, एकच पण असा दिवस, की म्हाताऱ्यानं यवतमाळच्या स्टँडवर मरेपर्यंत सांगत राहावं. त्या एका दिवसात डायरीही फिटेल आणि फ्रिजही फिटेल. असा हिशेब त्यानं मनात घातला, आणि तुमची फाइल मागवली.

बातमी फुटल्याबरोबर सल्ले सुरू झाले. श्रीरंग म्हणाला, "डबा अजिबात नेऊ नकोस, चीप दिसतं." त्याची बायको सुलभावहिनी म्हणाली, "भाऊजी, याचं ऐकू नका. गेल्या वर्षी शिकागोच्या त्या उंच टॉवरच्या रांगेत भूक लागली तर हाच बाथरूममध्ये जाऊन पुरी खाऊन आला." मग डबा ठरला. लाज वाटू नये म्हणून रवींद्रनं ब्लेझर घालायचं ठरवलं. ऑगस्टात. कारण तुमच्या तक्त्यातली सहावी ओळ अशी आहे: 'बाथरूम: मोठ्या हॉटेलची लॉबी वापरा. कपडे बरे असावेत. आत्मविश्वासाने चाला. इकडेतिकडे बघू नका.'

अण्णांनी तक्त्याची एक प्रत मागून घेतली. डोळ्यांपासून लांब धरून ती तासभर वाचली. पाच महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज कोणी पाहिलं नव्हतं.

"हे ज्यानं बनवलं नं रवी, तो माणूस आपल्या खात्यातला दिसते," ते म्हणाले. मग वाणसामानाच्या पावतीमागे त्यांनी बाराच्या बारा ओळी मराठीत उतरवून घेतल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवल्या. "वेळा पक्क्या आहेत नं याच्यातल्या?"

रवींद्र लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता. "पक्क्या, अण्णा," तो म्हणाला.

त्यानं वर पाहिलं असतं तर कदाचित पुढचं काही घडलं नसतं. पण तो कधीच वर बघत नाही.

शनिवारी पहाटे चारला निघायचं होतं. निघाले पाचला दहा कमी असताना, कारण आठ वर्षांच्या ऋषीला एकच विशिष्ट बूट हवा होता आणि तो सापडत नव्हता. "डेपोतच पन्नास मिनिटं खाल्ली," मागच्या सीटवरून अण्णा म्हणाले. वाटेत पेट्रोलला थांबले तेव्हा घड्याळ पाहून त्यांनी पुन्हा काहीतरी म्हटलं. शिकागोत गाडी लावून सगळे त्या प्रसिद्ध आरशासारख्या गोळ्यापाशी पोचले, तेव्हा रवींद्रनं मोबाइल पाहिला. साडेनऊला दोन मिनिटं कमी. तक्त्यात साडेनऊच होते! त्याची छाती ब्लेझरमध्ये फुगली.

"पुरा एक तास लेट," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुम्ही टेन्शन घेऊ नका हो. माझ्याकडे आहे सगळं."

 नियंत्रकाचं कोणी ऐकत नाही याची अण्णांना पस्तीस वर्षांची सवय होती.

त्या चकचकीत गोळ्याला गोरे लोक बीन म्हणतात, म्हणून आपले लोक राजमा म्हणतात, आणि तुमच्या तक्त्यातही 'राजमा, फोटो बारा' असंच आहे. अण्णांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली. "राजमा कुठला? हा तर वालाचा दाणा आहे," ते म्हणाले, आणि त्यात आपला वाकडा चेहरा बघून हसले. मार्चपासून पहिल्यांदा. शुभानं रवींद्रकडे पाहिलं. रवींद्रला वाटलं, दिवस जमला.

टॉवरवर ढग होते. एकशेतीन मजले चढून सगळ्यांनी काचेतून पांढरंफेक बघितलं. "विमानातूनही असंच होतं," अण्णा समजुतीनं म्हणाले. खाली आल्यावर ऋषी पायात पाय अडकवून उड्या मारायला लागला, तेव्हा सहावी ओळ लागू झाली. कोपऱ्यावर एक भलं मोठं हॉटेल होतं. रवींद्रनं ब्लेझरची बटणं लावली आणि आत्मविश्वासानं चालू लागला. मागे शुभा, ऋषी आणि शेवटी डब्याची पिशवी घेतलेले अण्णा.

लॉबी कसली ती! गालिच्यात पाय घोट्यापर्यंत बुडत होते. ऋषीएवढ्या फुलदाणीत फुलं. एक माणूस भर दुपारी पियानो वाजवत होता, तेही कोणी ऐकत नसताना. शुभा ऋषीला घेऊन आत गेली. रवींद्र फुलदाणीशी उभा राहिला, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा. अण्णा पलीकडच्या सायीच्या रंगाच्या सोफ्यावर टेकले. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग खिशातली पावती पाहिली. सातवी ओळ: 'एक वाजता जेवण, घरचा डबा, तळ्याकाठी.' तळं जवळपास दिसत नव्हतं. पण गाडी कुठेही उभी असो, जेवणाची सुट्टी ही जेवणाची सुट्टी. रवींद्रच्या मोबाइलमध्ये बारा वाजले होते, पण अण्णांना मोबाइल कोण दाखवतो?

त्यांनी बूट काढून जोडीनं बाजूला ठेवले. सोफ्यावर मांडी घातली. स्टीलचा डबा सोडवून काचेच्या टेबलावर मांडला. मेथीच्या पोळ्या, लसणाचा ठेचा. ठेच्याचा वास गालिच्यावरून सरपटत पियानोपर्यंत गेला. आणि मग पिशवीतून त्यांनी एक अख्खा कांदा काढला, टेबलावर ठेवला आणि बुक्की मारून फोडला.

पियानो थांबला.

फुलदाणीमागून काळ्या सुटातला, कानात वायर घातलेला एक उंच गृहस्थ उगवला. अगदी हळू, अगदी अदबीनं त्यानं रवींद्रला विचारलं, "सर, इज दॅट जंटलमन विथ यू?"

आता इथे थांबा. तुम्हीही जरा इथे उभे राहा. त्या दोन सेकंदांत रवींद्रच्या डोक्यात काय काय आलं ते ऐका. कानातली वायर. दाराची चिठ्ठी. लाल गाडीवाली. फोर एटी फाइव्ह. कोल्हापुरातला मित्राचा मित्र. हे सगळं आलं, आणि तेच खरं कारण असतं तर काही तरी समर्थन करता आलं असतं. पण त्या सगळ्याच्या आधी, सगळ्यात आधी, त्याच्या डोक्यात ब्लेझर आला. ब्लेझर आणि कांदा.

"नो," रवींद्र म्हणाला.

आणि चालू लागला. अण्णांनी वर पाहिलं की नाही, हे त्याला माहीत नाही, कारण त्यानं पाहिलंच नाही. तुम्हीच लिहिलंय, इकडेतिकडे बघू नका.

बाहेर जायला गोल फिरणारं दार होतं. घाईत तो त्यात शिरला आणि फिरून पुन्हा लॉबीतच उतरला. काळ्या सुटानं मान किंचित लववली. रवींद्र परत फिरला आणि दुसऱ्या फेरीत सुटला. फुटपाथवर त्यानं मोबाइल कानाला लावला आणि बंद फोनमध्ये "या, या, शुअर" म्हणत दहा मिनिटं काढली. त्याला वाटलं, सुटवाला जाईल, अण्णा आवरतील, शुभा त्यांना घेऊन बाहेर येईल, आणि झालं ते कोणालाच कळणार नाही. दारांच्या कुलपांचा इंजिनिअर माणूस. सगळं आपोआप होईल असं त्याला वाटतं.

शुभा बाहेर आली. सोबत फक्त ऋषी.

"अण्णा कुठेत?"

"आत. सोफ्यावर."

"सोफ्यावर कोणी नाही."

आत सोफा रिकामा होता. टेबल पुसलेलं. विचारायचं तर एकाच माणसाला विचारता येत होतं. रवींद्र काळ्या सुटापुढे जाऊन उभा राहिला. आता कसं विचारणार? जगात असा प्रश्न कोणी कोणाला विचारला नसेल.

"एक्सक्यूज मी. तो जो माणूस... जो माझ्यासोबत नव्हता... तो कुठे गेला?"

सुटवाल्याचा चेहरा हलला नाही. त्या सद्गृहस्थांनी सगळं नीट आवरलं, तो म्हणाला, आपल्या रुमालानं टेबल पुसलं, थँक्यू म्हटलं आणि त्या बाजूच्या दारानं गेले. त्या बाजूचं दार दुसऱ्या रस्त्यावर उघडत होतं. तिथे आता एक कबुतर होतं.

अण्णांकडे मोबाइल नव्हता. त्यांना फोन कोण करणार, म्हणून घेतला नव्हता. रवींद्र एका चौकातून दुसऱ्या चौकात धावला, ब्लेझर घामानं चिकटला. शेवटी शुभा म्हणाली, "थांबा. डोकं वापरा. त्यांच्या खिशात तक्ता आहे. अण्णा तक्त्याबाहेर जाणार नाहीत. जेवण तळ्याकाठी."

एक वाजता ते तळ्याकाठी पोचले. तळं म्हणजे समुद्रच, पलीकडचा काठ दिसत नाही. बाकांवर माणसं होती, अण्णा नव्हते. डबाही त्यांच्यासोबतच गेला असल्यानं तिघं उपाशी होते, आणि सुलभावहिनीनं दिलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांची आठवण ऋषी मोठ्यानं काढत होता. पार्कच्या माहिती केंद्राच्या खिडकीत एक लठ्ठ, मायाळू बाई बसली होती. तिनं रवींद्रला 'हनी' म्हटलं आणि फॉर्म दिला.

ज्या माणसाला कुठेही नाव लागू द्यायचं नव्हतं, त्यानं कॅपिटल अक्षरांत आपलं नाव लिहिलं. पत्ता लिहिला, फोन लिहिला. हरवलेल्या व्यक्तीचे कपडे: पांढरा शर्ट, खाकी पँट, डोक्यावर माझ्या कंपनीची टोपी. पुढचा रकाना: हरवलेल्या व्यक्तीशी तुमचं नातं. पेन क्षणभर अडलं. फादर, त्यानं लिहिलं. शेवटचं कुठे पाहिलं: त्यानं हॉटेलचं नाव लिहिलं.

"अरे, मग त्यांनाच विचारू की," बाई म्हणाली आणि तिनं फोन लावला. रवींद्र "नको, नको" म्हणेपर्यंत पलीकडे सुटवाला बोलत होता. बाईनं ऐकलं. मग तिनं रिसीव्हर खांद्याशी धरला आणि सांगितलं, "हनी, ते म्हणतात एक म्हातारे गृहस्थ आले होते. पण ते तुमचे नसतील. ही वॉज अलोन."

"ही वॉझन्ट अलोन," ऋषी म्हणाला. तो बाथरूममधून शुभाच्या आधी बाहेर आला होता आणि खांबाशी उभा होता, हे तेव्हा कळलं. "डॅड, दॅट मॅन आस्क्ड यू. यू सेड नो. व्हाय डिड यू से नो?"

खिडकीतली बाई एकदम टेबलावरचे कागद जुळवायला लागली.

शुभानं रवींद्रकडे पाहिलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फॉर्म त्याच्या हातातून घेतला, सही करायची राहिली होती तिथे बोट ठेवून त्याला दाखवलं, आणि त्यानं सही केल्यावर म्हणाली, "आठवी ओळ. अडीच वाजता बोटीची फेरी."

बोटीच्या फाटकावर तिकिटं फाडणारी एक मुलगी होती. टोपीवाला म्हातारा म्हणताच तिचा चेहरा फुलला. हो तर! ते दीडला आले होते. ताठ उभे राहून बोटीकडे बघत होते. बोट नाही म्हटल्यावर त्यांनी मला घड्याळ दाखवलं आणि सांगितलं, की तुमची गाडी एक तास लेट आहे, कंट्रोलरला कळवा.

"एक तास?" शुभा म्हणाली.

रवींद्र मोबाइल बघत कठड्यावर बसला. मिशिगन आणि शिकागो यांच्यात एका तासाचा फरक आहे. शिकागो मागे. मोबाइल आपोआप बदलतो. यवतमाळचं घड्याळ आपोआप बदलत नाही, ते कोणीतरी बदलावं लागतं, किंवा निदान सांगावं लागतं. सकाळपासून म्हातारा ओरडून सांगत होता, एक तास लेट, एक तास लेट. आणि मुलगा म्हणत होता, टेन्शन घेऊ नका. म्हणजे अण्णा सगळीकडे बरोबर तक्त्याप्रमाणे जात होते, फक्त नोव्हायच्या घड्याळाप्रमाणे, सगळ्यांच्या एक तास पुढे.

"मग ते आत्ता नवव्या ओळीतल्या आकाशपाळण्यापाशी असणार! चला, पळा!" तो उठला.

"कुठे पळता?" शुभा म्हणाली. "सुटलेल्या गाडीमागे धावून गाडी मिळते का? पुढच्या स्टॉपवर जाऊन उभे राहा. तक्त्यात सहा वाजता कारंजं आहे. म्हणजे त्यांचे सहा, इथले पाच. तिथे जाऊन थांबायचं. एक तास आधी. आयुष्यात एकदा तरी एक तास आधी जाऊन थांबा."

चार वाजता ते कारंज्यावर पोचले. केवढं कारंजं ते, दगडी घोडे, मासे, चारी बाजूंनी पाणी. एका नवऱ्या मुलीचे फोटो चालले होते. रवींद्रनं ब्लेझर काढून हातावर घेतला. पाठीवर शर्ट ओला होता. एक तास तिघं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या टोप्या बघत बसले. तुम्ही तक्त्यात इथे लिहिलंय, 'निवांत बसा, शहराचा आनंद घ्या.'

पाचला तीन मिनिटं कमी असताना झाडांच्या ओळीतून अण्णा येताना दिसले. घाई नाही, गडबड नाही. टोपी डोक्यावर, पिशवी हातात. गर्दीतून वाट काढताना ते प्रत्येकाला "एक्सक्यूज" म्हणत होते. त्यांनी आधी कारंजं पाहिलं, मग घड्याळ, मग या तिघांना.

"अरे! तुम्ही आधी पोचले?" ते म्हणाले. "शाबास. आज पहिली गाडी वेळेवर."

शुभा रडायला लागली. ऋषी त्यांच्या कमरेला चिकटला. अण्णांनी पिशवी उघडली. "जेवले नसाल तुम्ही. मी माझ्या वाटच्या दोनच खाल्ल्या. घे शुभा, पोराला दे आधी. लाडू खाली आहेत." मग ते ऋषीला सांगू लागले, की पाळण्यात एकट्याला बसायला लाज वाटली, पण एका चिनी म्हातारीलाही वाटत होती, म्हणून दोघं एकाच डब्यात बसलो. तळ्याचं पाणी चाखून पाहिलं. गोडं आहे. एवढं पाणी अन् गोडं! यवतमाळात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

रवींद्र पोळी हातात धरून उभा होता.

"अण्णा, तिथे हॉटेलात..."

"तू बरोबर केलं," अण्णा म्हणाले. कारंज्याकडे बघत. "फारम भरलेला आहे तुझा. श्रीरंग सांगत होता नं, नो म्हणायचं."

"तसं नाही, अण्णा."

"मी कंडक्टर होतो तेव्हा पुष्कळ पाहिलं बापा. दारव्ह्याच्या गाडीत एखादा म्हातारा बिनतिकिटाचा राहे. मी पुऱ्या गाडीले विचारो, 'हा कोणासंग आहे?' कोणी बोलत नसे. पोरगा मागच्या शिटावर बसून खिडकीबाहेर पाहे. मले समजे, पण मी बोलत नव्हतो. स्टँड आला का तोच पोरगा गुपचूप येऊन म्हाताऱ्याचा हात धरून उतरवे. येईच." त्यांनी पिशवीचा बंद नीट केला. "मीही थांबलो होतो, त्या बाजूच्या दाराशी. दहा मिनिटं. मंग म्हटलं, गाडीचा टाइम झाला."

पाच वाजले. कारंजं एकदम आभाळाएवढं उडालं आणि लोक ओरडले. रवींद्रनं काहीतरी म्हटलं, पण ते पाण्यात कोणालाच ऐकू गेलं नाही. तो ते पुन्हा म्हणाला नाही.

शेवटी शुभानंच अण्णांना घड्याळाचं सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा चेहरा पडला. दिवसभरात पहिल्यांदा.

"म्हणजे ते बोटवाली पोरगी वेळेवर होती?"

"हो, अण्णा."

"अन् मी तिले लेट म्हटलं? तिच्या कंट्रोलरले सांगायला लावलं?" ते उठून उभे राहिले. "चला. तिची माफी मागा लागते."

सगळ्यांनी सांगून पाहिलं. पाय दुखतील, उशीर होईल, तिला आठवणारही नाही. अण्णा पुढे चालायला लागले होते. तब्बल अर्धा तास चालून ते फाटकावर पोचले, रांगेच्या शेवटी उभे राहिले आणि पाळी आल्यावर टोपी काढून म्हणाले, "सॉरी मॅडम. युवर बोट राइट टाइम. माय वॉच राँग."

एवढंच. नऊ शब्द. सहा महिन्यांत त्यांना जेवढं इंग्रजी आलं, त्यात बसलं. रवींद्र गेली नऊ वर्षं इंग्रजीत नोकरी करतोय.

मुलगी विरघळली. तिनं मागे उभ्या असलेल्या तिघांकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "इज ही विथ यू गाइज?"

रवींद्रनं तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण ऋषीनं त्याच्या आधी ओरडून सांगितलं, "येस! ही इज माय आजोबा!" आणि सगळे हसले, आणि ती वेळही गेली.

आज सोमवार आहे. काल रवींद्रनं डायरी अण्णांपुढे ठेवली. अण्णांनी "असू दे" म्हणून ती न उघडता बॅगेत तळाशी टाकली. श्रीरंग येऊन विचारून गेला, दिवस कसा गेला. अण्णांनी त्याला राजमा सांगितला, गोडं पाणी सांगितलं, चिनी म्हातारी सांगितली. हॉटेल सांगितलं नाही. रवींद्र शेजारीच बसून प्रत्येक वाक्याला घाबरत होता. सांगितलं असतं तर बरं, असं त्याला आता वाटतं.

आज रात्री त्यानं तुमची फाइल उघडली. नाव बदललं, फायनल आठ. वर लाल अक्षरांत लिहिलं: 'सर्व वेळा शिकागोच्या. म्हाताऱ्यांची घड्याळं बदला.' मग तो सहाव्या ओळीशी आला आणि अडला. 'आत्मविश्वासाने चाला. इकडेतिकडे बघू नका.' तुम्ही हे लिहिलंत, तेव्हा तुम्ही ते आधी करून पाहिलं असणार. त्याशिवाय कोणी असं लिहीत नाही. तुमच्यासोबत कोण होतं? त्यांना कुठल्या सोफ्यावर बसवून तुम्ही चालू लागलात? ते कुठल्या दाराशी थांबले होते, आणि किती मिनिटं? तुम्ही नंतर त्यांना काय सांगितलंत?

उद्या दुपारी दोन वाजता रवींद्र अण्णांना विमानतळावर सोडायला जाणार आहे. शुभाला ऑफिस आहे, ऋषीला शाळा आहे. गाडीत दोघंच असतील, अर्धा तास. दारं आपोआप लागतील. तुमचा पत्ता नाही, सही नाही, म्हणून फाइल या प्रश्नांसकट, आली त्याच वाटेनं सगळ्यांना उलट पाठवली आहे. ज्याची असेल त्यानं उत्तर द्यावं. दोनच्या आत. वेळ नोव्हायची.